पिवळं ताट

नर्सबाईंनी मेजरिंग टेप माझ्या बेंबीवरून फिरवला, "श्वास सोडा" म्हणाल्या आणि शेजारी बसलेल्या बाईंना आकडा सांगितला. त्र्याण्णव पूर्णांक पाच. मी आपसूक पोट आत ओढलं होतं, म्हणून त्यांनी थांबून पुन्हा मोजलं. चौऱ्याण्णव. तोच कागदावर गेला.

एप्रिल २०२४ मधली ही गोष्ट. हिंजवडीतल्या कंपनीने मला वर्षभरासाठी जपानला, कावासाकीला पाठवलं होतं. तिथे कामावर रुजू होणाऱ्या प्रत्येकाची आरोग्य तपासणी करणं मालकाला कायद्यानेच बंधनकारक आहे. माझं वय ४३, उंची १६८ सेंटिमीटर, वजन साडेचौऱ्याहत्तर किलो. पुण्यातही दरवर्षी कंपनीतर्फे तपासणी व्हायची. रक्त घ्यायचे, ईसीजी काढायचे, वजन करायचे. पण बारा वर्षांत माझ्या कमरेला कोणी टेप लावला नव्हता. तो लागायचा फक्त शिंप्याकडे.

तीन आठवड्यांनी निकालाचं पाकीट आलं. ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तातली चरबी २१२, उपाशीपोटीची साखर १०७, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीएवनसी ५.९ आणि कमरेच्या घेरासमोर खूण. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने डोकावून पाहिलं आणि स्वतःच्या पोटावर थाप मारत म्हणाला, "मेताबो!" मेताबो म्हणजे 'मेटाबॉलिक सिंड्रोम', सुटलेलं पोट आणि सोबत वाढलेली साखर, चरबी किंवा रक्तदाब. त्यालाही तेच निघालं होतं.

पुण्यात माझ्या तब्येतीविषयी कोणी काळजी केल्याचं मला आठवत नाही. लग्नाच्या वेळी मी ५८ किलोचा होतो. त्यानंतर वजन जसजसं वाढत गेलं तसतसे लोक खूश होत गेले. "तब्येत सुधारली हं," असं सासूबाई म्हणाल्या तेव्हा मी ६५ वर होतो. "आता कसा भरलास," असं आई म्हणाली तेव्हा ७०. आपल्या बोलण्यात 'तब्येत झाली' म्हणजे माणूस जाड झाला, आणि 'तब्येत उतरली' म्हणजे बारीक झाला. मूल गुबगुबीत असलं की ते 'गुटगुटीत', त्याला 'बाळसं धरलंय', त्याची दृष्ट काढायची. मोठा माणूस सुटला की तो 'खात्यापित्या घरचा'. बारीक माणसासाठी मात्र वाळला, रोडावला, हाडं निघाली, गालफडं बसली असे शब्द, आणि सगळे आजाराचे. हे शब्द मी जन्मभर वापरत आलो. त्यांत वजन आणि आरोग्य एकच मानलेलं आहे, हे मला कावासाकीत बसून पहिल्यांदा जाणवलं.

जपानमध्ये २००८ च्या एप्रिलपासून ४० ते ७४ वयाच्या विमाधारकांची खास तपासणी होते. तिला लोक सरळ 'मेताबो' तपासणीच म्हणतात. पुरुषाची कंबर ८५ सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ९० च्या वर गेली, आणि सोबत साखर, रक्तदाब किंवा रक्तातली चरबी यांपैकी काही वाढलेलं असलं, की सल्ल्यासाठी बोलावतात. बेंबीच्या पातळीवर घेतलेल्या आडव्या छेदात पोटातल्या आतड्यांभोवतीची चरबी १०० चौरस सेंटिमीटरच्या वर गेली की धोका वाढतो, आणि बाहेरून टेपने तेवढी चरबी सुमारे या आकड्यांना दिसते, असा त्यामागचा हिशेब. वजनकाट्याला स्नायू कुठले आणि चरबी कुठली ते कळत नाही, आणि ती चरबी मांडीवर आहे की यकृताभोवती हे तर अजिबातच नाही. टेपला ते थोडंफार कळतं.

मलाही बोलावणं आलं. आहारतज्ज्ञ बाई साधारण माझ्याच वयाच्या होत्या. मी पुण्यात जपानी भाषा शिकून तिच्या परीक्षेची एन-थ्री ही मधली पायरी पास झालो होतो, त्यामुळे दुभाषा लागला नाही, पण बाई मुद्दाम सावकाश बोलत होत्या. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, तीन दिवस जे खाल त्याचे फोटो काढून आणा. मी तेव्हा एकटा राहत होतो. सकाळी पोहे किंवा ब्रेड, दुपारी डब्यात भात, बटाट्याची भाजी आणि गोठवलेल्या पोळ्या, संध्याकाळी चहाबरोबर बिस्किटं, रात्री वरण-भात-लोणचं. फोटो दाखवताना मनातून मी निर्धास्त होतो. घरचं साधं जेवण, तळण नाही, दारू नाही, मटण महिन्यातून एकदा.

त्यांनी तीन रंगांचे पेन काढले. जपानमध्ये लहानपणापासूनच मुलांना शिकवतात की अन्न तीन रंगांचं असतं. लाल म्हणजे अंग घडवणारं: मासे, मांस, अंडी, दूध, कडधान्यं, सोयाबीन. पिवळं म्हणजे ताकद देणारं: भात, पाव, नूडल्स, बटाटा, साखर, तेल. हिरवं म्हणजे शरीराचं तंत्र नीट ठेवणारं: भाज्या आणि फळं. पदार्थाच्या खऱ्या रंगाशी याचा संबंध नाही, तो कामाचा रंग आहे. बाईंनी प्रत्येक फोटोतल्या पदार्थाखाली रेघ ओढायला सुरुवात केली. पोहे पिवळे. भात पिवळा. पोळी पिवळी. बटाटा पिवळा, कारण त्यांच्या लेखी बटाटा भाजीत येतच नाही. बिस्किटं पिवळी. वरणापाशी त्या थांबल्या आणि विचारलं, "यात कोरडी डाळ किती?" मी म्हटलं, मूठभर डाळ शिजवतो, ती तीन वेळा पुरते. त्यांनी वरणाखाली लाल रंगाची एक बारीकशी रेघ ओढली, नखाएवढी. तीन दिवसांच्या कागदावर हिरव्या रंगाच्या फक्त दोन खुणा होत्या. एक काकडीची, दुसरी टोमॅटोची.

त्या कागदाकडे पाहताना मला माझं एकट्याचं जेवण दिसत नव्हतं. आमच्या घरातलं ताट दिसत होतं. पोळी, बटाटा, पातळ वरण, भात, पापड, सणाला शिरा. आम्ही त्याला 'चौरस आहार' म्हणायचो.

बाईंनी भात बंद करायला सांगितला नाही. मला तीच भीती होती. त्या म्हणाल्या, आम्हीही भातच खातो. तिथे १९६२ साली माणशी वर्षाला ११८ किलो तांदूळ खाल्ला जायचा, आता सुमारे ५० किलोवर आलाय. पण आजही जेवणाला 'गोहान' म्हणतात आणि शिजलेल्या भातालाही 'गोहान'च. फक्त नेहमीच्या वाडग्यात भात दीडशे ग्रॅमच्या आसपास असतो. घरी जाऊन मी स्वयंपाकाचा छोटा काटा विकत घेतला आणि मला जेवढा लागायचा तेवढा भात त्यावर ठेवला. ३८० ग्रॅम भरला. शिवाय दोन पोळ्या.

ध्येय ठरलं ते अगदी लहान वाटलं. तीन महिन्यांत दोन किलो वजन आणि कमरेचे दोन सेंटिमीटर. त्यांच्या नव्या नियमांत तेवढंच यश मानतात. महिन्यात दहा किलो उतरवून देणाऱ्या जाहिराती पाहत मोठा झालेला मी, दोन किलोसाठी सरकारने एवढी यंत्रणा उभारावी याचं मला आश्चर्य वाटलं होतं. आता वाटतं, तो आकडा ठरवणाऱ्यांना माणसाचा स्वभाव नीट माहीत असावा.

खरं सांगायचं तर त्या वर्षात मी 'डाएट' असं काही केलं नाही. जे बदललं ते निम्म्याहून जास्त आजूबाजूच्या मांडणीने बदललं. माझी खोली नांबू लाईनच्या एका लहान स्टेशनपासून चौदा मिनिटांवर होती. स्टेशनात जिने. गाडी बदलायला पुन्हा जिने. उतरल्यावर ऑफिसपर्यंत अकरा मिनिटं. संध्याकाळी तेच उलट. पुण्यात पिंपळे सौदागरहून हिंजवडीला मी कारने जायचो, आणि फोनवरची पावलं दिवसाला तीन-साडेतीन हजारांच्या वर जात नसत. कावासाकीत पहिल्याच आठवड्यात ती नऊ हजारांवर गेली. मी ठरवलं नव्हतं, व्यायामाचे बूट घेतले नव्हते, पहाटे उठत नव्हतो. फक्त ऑफिसला जाऊन येत होतो. फुटपाथ सलग होते. त्यांवर गाडी उभी नव्हती, खोदकाम उघडं टाकलेलं नव्हतं, चालणाऱ्याला रस्त्यावर उतरावं लागत नव्हतं. दहा हजार पावलांची कल्पनाही तिथलीच. १९६५ साली तिथे 'मानपो-केई' म्हणजे दहा हजार पावलांचा मापक नावाचं यंत्र बाजारात आलं, त्यावरून हा आकडा जगभर गेला. शनिवारी मी तामागावा नदीच्या बांधावर जायचो. तिथे ऐंशीच्या घरातल्या आजीबाई छोटी पिशवी पाठीला लावून एकट्या चालताना दिसायच्या. माझी आई ६३ वर्षांची आहे. सोसायटीच्या फाटकाबाहेर एकटीने चालायला ती घाबरते, आणि तिचं घाबरणं खोटं नाही.

तिथल्या एका मराठी कुटुंबाशी ओळख झाली. सांगलीकडचे. त्यांची मुलगी तिसरीत, जवळच्या सरकारी शाळेत. त्यांच्या फ्रिजवर महिन्याच्या जेवणाचा तक्ता लावलेला असायचा. शाळेने पाठवलेला. तारीखवार पदार्थ, पुढे तीन रकाने: लाल, पिवळा, हिरवा. प्रत्येक पदार्थात काय काय पडलंय ते त्या त्या रकान्यात, आणि शेवटी उष्मांक व प्रथिनं. तिथे शाळेतल्या जेवणाचा कायदा १९५४ चा आहे. युद्धानंतरची उपासमार पाहिलेल्या लोकांनी केलेला. २००५ पासून आहारशिक्षणाचाही वेगळा कायदा आहे आणि त्यासाठी शाळांत आहारशिक्षक नेमण्याची सोय आहे. मी त्या मुलीला विचारलं, वाढतं कोण? ती म्हणाली, "आम्हीच. या आठवड्यात माझी पाळी आहे." पांढरा एप्रन, पांढरी टोपी, तोंडाला मास्क. आज सूपच्या बादलीची पाळी, उद्या भाताची. सगळ्यांना सारखं वाढायचं, शिक्षकही वर्गातच तेच जेवतात. डबा नाही, कॅन्टीन नाही, चिप्सचं पाकीट नाही. बरोबर आणलेलं दाखवणं नाही आणि न आणल्याचं लपवणं नाही.

त्या रात्री मी घरी व्हिडिओ कॉल केला. आमचा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याच्या डब्यात काय होतं विचारलं. बायको म्हणाली, "जॅमचा पोळीरोल. आणि मधल्या सुट्टीत कॅन्टीनचा समोसा." चूक तिची नव्हती. ती सकाळी साडेसहाला डबा भरून सातला स्वतः निघते. मी मात्र स्क्रीनवरच्या त्याच्या गोल चेहऱ्याकडे पाहत राहिलो. लहानपणी त्याला एका सुदृढ बालक स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं. त्याचा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे.

जपानचं सगळंच घ्यावं असं नाही. त्यांच्या जेवणात मीठ भयंकर. मिसो, सोया सॉस, लोणची आणि रामेनचं सूप मिळून माणशी दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास जातं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पाचची आहे. विशीतल्या दर पाच मुलींपैकी जवळपास एक गरजेपेक्षा हडकुळी आहे, कारण तिथे बारीक असण्याचाही फार धाक आहे. आमच्या मजल्यावर एक अंगाने मोठा मुलगा होता. त्याच्या वजनावर लोक त्याच्या तोंडावर बोलायचे, आणि तो हसून दाखवायचा. ते हसणं मला पाहवत नसे. शिवाय ते काही वेगळ्या मातीचे लोक नाहीत. त्यांच्या मापाने, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ च्या वर लठ्ठ धरलं तर, २०१९ च्या पाहणीत त्यांचे ३३ टक्के पुरुष लठ्ठ निघाले होते. पण बीएमआय ३० च्या पुढे जाणारे फार थोडे. घसरण सुरू झाली की कोणीतरी टेप घेऊन उभं असतं.

तीन महिन्यांनी माझं वजन ७१.८ आणि कंबर ९०.५. पुढे ते सावकाश उतरत राहिलं. मार्च २०२५ मध्ये परत निघालो तेव्हा ६७.४ किलो, ८५.५ सेंटिमीटर. एचबीएवनसी ५.५. पट्ट्याला घरीच दोन नवी भोकं पाडली होती.

पुणे विमानतळावर आईने मला पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. गाडीत बसेपर्यंत काही बोलली नाही. मग हळूच विचारलं, "शुगर निघाली का रे?"

हा प्रश्न का, ते सांगायला हवं.

आमचं गाव साताऱ्याच्या माण तालुक्यात. माझे वडील १९५८ चे. बहात्तरच्या दुष्काळात ते चौदा वर्षांचे होते आणि आजोबांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. खायला सुकडी आणि अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी. त्या वर्षाबद्दल ते फारसं बोलत नसत, पण ताटात अन्न टाकलेलं त्यांना खपायचं नाही, आणि कोणी "पुरे" म्हटलं तरी आई आणखी एक पोळी वाढायची तेव्हा ते तिला अडवायचे नाहीत. वडील आयुष्यभर सडपातळ होते. साठ किलोच्या वर कधी गेले नाहीत. पुण्यात कारखान्यात लागले, सायकलवरून स्कूटरवर आले, हातापायांनी काडीसारखे राहिले, फक्त शर्टाच्या आत पोटावर थोडा गोळा दिसायचा. २००४ मध्ये त्यांना मधुमेह निघाला. ४६ वर्षांचे. सगळे नातेवाईक एकच बोलले, "अहो, हे तर एवढे बारीक, यांना कशी शुगर?" आम्हीही तेच धरून बसलो. जाड नाही म्हणजे फार नसेल. औषधं वेळेवर झाली नाहीत, पथ्य झालं नाही. २०१९ मध्ये मूत्रपिंडं निकामी होऊन ते गेले. शेवटच्या दोन वर्षांत आठवड्यातून दोनदा डायलिसिस.

म्हणून आईच्या मनात बारीक होणं म्हणजे शुगर. आणि त्याच वेळी, बारीक माणसाला शुगर होत नाही, अशीही तिची समजूत. दोन्ही एकत्र नांदत होत्या.

मी माझे जपानचे रिपोर्ट आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाले, "हे शिकायला तुला एवढ्या लांब जावं लागलं, आणि याचं अर्धं संशोधन आपल्या पुण्यात झालंय." मग त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. दोन डॉक्टर शेजारी उभे. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. 'लॅन्सेट' या नियतकालिकात २००४ साली छापून आलेला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. नेमकं २००४. माझ्या वडिलांना मधुमेह निघाला त्याच वर्षी, आमच्याच शहरात, 'बारीक माणसाला शुगर कशी' याचं उत्तर देणारा हा फोटो तयार होता.

डॉक्टरांनी पुढचंही सांगितलं. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास झाला. ती बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांत कमी काय होतं, तर स्नायू आणि पोटातले अवयव. चरबी जवळजवळ तेवढीच राखलेली. आईच्या पोटात असताना अन्न पुरत नाही तेव्हा बाळाचं शरीर मांस कमी करतं आणि चरबी धरून ठेवतं. असं 'बारीक पण चरबीचं' शरीर घेऊन आलेल्या माणसाला पुढे पोटभर भात-पोळी आणि खुर्चीवरचं काम मिळालं की साखर लवकर चढते. म्हणून आपल्याकडच्या डॉक्टरांनी मर्यादा खाली आणल्या आहेत. बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा. कंबर पुरुषाची ९० आणि बाईची ८०. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, देशभर सुमारे १ लाख १३ हजार लोकांची पाहणी करून २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध केला, त्यात बीएमआयने लठ्ठ २८.६ टक्के निघाले, आणि टेपने पोट सुटलेले ३९.५ टक्के. मधला फरक म्हणजे माझ्या वडिलांसारखी माणसं. काट्यावर दिसत नाहीत, आरशात दिसत नाहीत, नातेवाइकांना तर नाहीच.

दवाखान्यातून निघाल्यावर मी बराच वेळ गाडीतच बसून होतो. पंधरा वर्षं आम्ही त्यांच्याकडे पाहत होतो आणि पाहायचं काय ते आम्हाला माहीत नव्हतं. पन्नास-शंभर रुपयांचा टेप.

मे महिन्यात गावाकडची आत्या आली. दारातच तिने माझे दंड चाचपले. "काय रं, लई वाळलास. खायाला मिळत न्हवतं व्हय तिकडं?" मग आईकडे वळून, "वैनी, पोराकडं बगा जरा." आणि आईने पाहायला सुरुवात केली. सकाळी तुपातला शिरा, जेवणात तिसरी पोळी, रात्री "एवढ्याशा भाताने काय होतंय". मी नको म्हटलं की तिच्या डोळ्यांत पाणी. ऑफिसला जायला पुन्हा कार, कारण साडेआठ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर सलग चालता येईल असा फुटपाथच नाही. जुलैपर्यंत मी ७० किलोवर आलो. कंबर ८९. जपानमध्ये मी केलेलं असं काहीच नव्हतं, हे मला तेव्हा कळून चुकलं. ते सगळं तिथल्या रस्त्याने आणि वाडग्याने केलं होतं.

मग एका रविवारी मी बायकोबरोबर घरातला हिशेब मांडला. चौघांच्या घरात महिन्याला तेलाचा पाच लिटरचा डबा. म्हणजे माणशी दिवसाला ४० मिलिलिटरहून थोडं जास्त. साखर महिन्याला पाच किलो, म्हणजे माणशी दिवसाला चाळीसेक ग्रॅम, आणि बाहेरचं गोड वेगळं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर २५ ग्रॅमपर्यंत राहिली तर उत्तम. गहू-तांदूळ मिळून महिन्याला ३२ किलो. सगळ्या डाळी आणि कडधान्यं मिळून अडीच किलो. आई ऐकत होती. शेवटचे दोन आकडे तिने पुन्हा विचारले. "बत्तीस आणि अडीच?"

मी तिला तीन रंगांची गोष्ट सांगितली. ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आमच्या सासूबाई रोज उसळ करायच्या. मटकी नाहीतर हुलगं. भाकरी असायचीच, पण रानात जायचं असायचं." मला जुन्या काळाचे गोडवे गायचे नाहीत. त्या ताटात अनेकदा काहीच नसायचं, हे वडिलांच्या हाडांनी मला सांगितलंय. पण माणदेशाच्या कोरडवाहू रानात बाजरीबरोबर मटकी आणि हुलगा, म्हणजे कुळीथ, पिकायचा आणि तो घरात खाल्ला जायचा. शहरात आल्यावर गहू स्वस्त झाला, पोळी प्रतिष्ठेची झाली आणि हुलगा बैलाचं खाणं ठरला. २०२५ मध्ये आयसीएमआरच्याच अभ्यासाचा आणखी एक भाग आला. भारतीय माणसाच्या रोजच्या उष्मांकांतले सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात. त्यातलं मला महत्त्वाचं वाटलेलं हे: एकूण पिष्ट तेवढंच ठेवून नुसतं पांढरा भात, मैदा यांच्या जागी गव्हाचं किंवा ज्वारी-बाजरीचं पीठ आणलं तर फारसा फायदा दिसत नाही. पिष्ट थोडं कमी करून तिथे डाळ, दूध यांतलं प्रथिन आणलं तर दिसतो. आमच्या सोसायटीत कित्येक घरांनी गहू सोडून ज्वारी-नाचणी धरली आहे आणि ताट तेवढंच पिवळं आहे. मी भेटेल त्याला हे सांगतो.

घरात वाद झाले, लपवाछपवीही झाली. आई माझ्या वाटीतलं वरण घट्ट करायची, पण नातवाला चोरून शिरा द्यायची. मी तिला थांबवलं नाही. तिच्यासाठी तो शिरा म्हणजे काय, ते मला माहीत होतं. मुलगा मात्र स्वतःच बदलला. त्याच्या शाळेत सीबीएसईच्या सूचनेनुसार 'शुगर बोर्ड' लागला, कशात किती साखर ते दाखवणारा. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकू नयेत असा नियम २०२० चा आहे, पण त्याच्या शाळेसमोरची टपरी तीस पावलांवर आहे. त्याने ती पावलं स्वतः मोजली. घरी येऊन त्याने विचारलं, "तिकडच्या त्या मुलीसारखा तक्ता आपल्याकडे का नाही?" त्याच रात्री त्याने वहीचा मोठा कागद फाडून तीन रकाने आखले.

आता तो तक्ता आमच्या फ्रिजवर आहे. रोज रात्री तो दिवसभराचे पदार्थ लिहितो. पोहे असतील तर त्यात शेंगदाणे आणि मोड आलेले मूग पडतात, नाहीतर लाल रकाना रिकामा राहतो आणि तो त्याला आवडत नाही. कडधान्यं-डाळी आता महिन्याला साडेपाच किलो लागतात, तेल साडेतीन लिटर. मी कार ऑफिसच्या दोन किलोमीटर अलीकडे लावतो, कारण तेवढ्या टप्प्यात फुटपाथ बरा आहे. दर पहिल्या रविवारी चौघांच्या कमरेला टेप लागतो. आईची पहिल्यांदा ९६ भरली तेव्हा ती खूप लाजली, आणि मग म्हणाली, "यांची कोणी मोजलीच नाही."

माझी सध्या ८७ आहे. तिचीही ९३ वर आली.

संक्रांतीला आत्या पुन्हा आली. या वेळी माझे दंड चाचपले नाहीत. पिशवीतून पाच किलो हुलगं काढून ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "वैनीनं फोनवर सांगितलं. रानातलं हाय, कसलं औषिद न्हाई मारलेलं." आईने त्याच दुपारी शेंगोळी केली, लसणाची फोडणी देऊन. मुलगा दोन वाट्या जेवला, हात धुतले आणि पेन घेऊन फ्रिजपाशी गेला. "आजी, हुलगं म्हणजे कुठला रंग?"

आई आणि आत्या दोघी एकदमच म्हणाल्या, "लाल."